दोराच्या आत

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणाला, महेबूबभाई येणार, हे वैजनाथच्या घरात कुणी कुणाला सांगत नसे. उदगिरात त्यांचा आज्याच्या काळापासून बैलांना नाल मारायचा धंदा, आणि वैजनाथच्या गोठ्यातल्या प्रत्येक देवणी बैलाच्या खुराला त्यांच्या घरातल्या कुणाचा ना कुणाचा हात लागलेला. शेतात कडब्याची कोप उभी राहिली, पांडवांची पूजा झाली, चारी दिशांना आंबील शिंपडून झालं, की बांधावर त्यांची फटफटी यायचीच. आल्या आल्या "वैनी, आधी आंबील" म्हणायचं आणि मग बाकीच्यांना रामराम करायचा.

या साली त्यांनी आंबील मागितली नाही. फटफटी लावली आणि वैजनाथला खांद्याला धरून बाभळीखाली नेलं.

सरजाबाई कोपीच्या तोंडाशी शेंगा-पालेभाज्यांची भज्जी वाढत होती. तिला लग्नाआधीपासूनची एक खोड होती. कुणी कुणाशी हळू बोलताना दिसलं की तिच्या हातातलं काम आपोआप त्या बाजूला सरकायचं. सासू म्हणायची, "हिच्या कानाला पाय हायत." आताही ती पळी घेऊन बाभळीच्या बाजूला दोन पावलं गेलीच. पण महेबूबभाई इतकं दबकून बोलत होते, की तिला 'दीपमाला' एवढं एकच नाव ऐकू आलं.

दीपमाला म्हणजे धाकट्या दिराची, भुजंगची मुलगी. भुजंगचं नांदेडला बी-बियाणांचं दुकान. पोरगी गुराढोरांची डॉक्टर झाली आणि देगलूरकडच्या एका गावात सरकारी दवाखान्यावर लागली. सणाला सगळे इथंच, थोरल्याच्या शेतात जमत.

वैजनाथ परत येऊन सतरंजीवर बसला. ताटाला हात लावला नाही.

"भुजंगा, तुझ्या पोरीला सांगवडीच्या जत्रंत परीक्षक केलंय म्हणं. देवणी वळूची."

भुजंगनं तोंडातला घास गिळला. "मला न्हाई बोलली, दादा."

"मलाबी न्हाई."

"अरे, आता कळालं ना सगळ्यांला," महेबूबभाई म्हणाले. ते जत्रा कमिटीवर होते आणि त्यांचा चेहरा नको ते काम गळ्यात पडलेल्या माणसासारखा झाला होता. "वैजनाथराव, मी नुस्ता निरोप्या हाय. कमिटीनं वरून डॉक्टर मागितला, तितून हिचं नाव आलं. आता वळूवाले कुरकुर करायलेत."

दीपमाला गोठ्याकडून हात पुसत आली तेव्हा सगळे गप्प झाले. ती येऊन काकूच्या शेजारी टेकली. "काय झालं?"

"बेटा, गाईच्या दुधाची स्पर्धा हाय, तिला तू ऱ्हा," महेबूबभाई म्हणाले. "वळूच्या रिंगणात बाईमाणूस कवा कुणी बघितलं न्हाई. आन् तितं काय काय तपासावं लागतंय चारचौघांत... तुला ठाऊकच हाय."

"चाचा, अंड तपासायची लाज कुणाला वाटायली? मला, का वळूला?"

महेबूबभाई खोकले. सरजाबाईनं पदर तोंडाला लावला, कारण तिला हसू आवरेना. वैजनाथनं तिच्याकडं बघितलं तसं तिनं पळी भज्जीत खुपसली.

"आन् दुसरं असं," महेबूबभाई सावरून म्हणाले, "तुमचा मल्हारी रिंगणात उतरणार. घरचा परीक्षक, घरचा वळू. लोक बोलणार."

"ते मी कमिटीला आधीच कळवलंय. मल्हारीचे गुण दुसऱ्यानं द्यावेत, मी तेवढ्यापुरती बाजूला होते." दीपमालाचा आवाज चढला नव्हता. "चाचा, मागं एका साली परीक्षकाच्या सख्ख्या भाच्याचा वळू पहिला आला. तवा कुणाच्या शेतात निरोप घेऊन गेलता तुम्ही?"

महेबूबभाईंनी कान खाजवला. "न्हाई गेलतो," ते खरं बोलले.

पंढरी इतका वेळ मान खाली घालून जेवत होता. वैजनाथचा हा एकुलता मुलगा. मल्हारीला धुणं, पुसणं, फिरवणं, जत्रेत धरून उभं राहणं, सगळं त्याच्याकडं. "ताई, तुला एक दिवस मिरवायचंय आन् आमची सालभराची मेहनत पाण्यात," तो म्हणाला. "हे मल्हारीचं शेवटचं साल हाय. पुढं त्याचं वय बसत न्हाई."

"मी मिरवायला चालले न्हाई, पंढरी. माझं काम हाय ते."

"कशाला वाईटपणा घ्यायचा?" भुजंग मध्येच म्हणाला. "लातूरचे पाव्हणे संक्रांतीनंतर बघायला यायचेत. दुधाची स्पर्धा काय वाईट हाय? नाव होतंच की."

दीपमालानं वडिलांकडं बघितलं आणि ती उठून पुन्हा गोठ्याकडं गेली. भज्जी ताटांत निवत चालली. सरजाबाईला दिसत होतं, की एका बाजूला तिचा नवरा, मुलगा आणि दीर, दुसऱ्या बाजूला एकटी पोरगी, आणि मध्ये महेबूबभाई धड ना इकडं धड ना तिकडं. आपण कुठं, हे तिचं तिलाच कळेना. तिला वेगळंच कुतूहल लागून राहिलं होतं. त्या रिंगणात परीक्षक करतो तरी काय?

मल्हारी जन्मला तेव्हा त्याची आई उठत नव्हती. सरजाबाईनं बोट तोंडात घालून त्याला दूध प्यायला शिकवलं होतं. त्याची वैरण, त्याचं पाणी, त्याचं शेण, सगळं तिच्या हातचं. तो तीनदा पहिला आला, तिन्ही फेटे घरात खुंटीला होते. पण जत्रेत बायका बांगड्यांच्या दुकानांपर्यंत जात. रिंगणाला बांधलेला दोर तिनं लांबून बघितला होता. आत काय चालतं ते घरी आल्यावर पंढरी सांगेल तेवढंच.

तिनं तांब्याभर आंबील घेतली आणि गोठ्याची वाट धरली.

दीपमाला एका कालवडीच्या गळ्याखाली हात फिरवत बसली होती.

"पी," सरजाबाई म्हणाली. "आन् मला एक सांग. दवाखान्यात तुला काय काय करावं लागतंय?"

दीपमाला हसली. "असं कुणी विचारलंच न्हाई अजून."

"मी इचारायलीय न्हवं?"

"सकाळी जाते. खुर्चीवर बसते. माणूस गाय घेऊन येतो आन् मलाच विचारतो, 'डॉक्टर कवा येणार?' मी म्हणते, आलेत. तो इकडं तिकडं बघतो. मग आमचा पट्टी बांधणारा दिसला की त्याला 'साहेब' म्हणून हात जोडतो."

"मग?"

"मग तो पट्टीवाला लाजून म्हणतो, साहेब त्या हायत. माणूस म्हणतो, बरं, मग कोंबडीचं औषध द्या, गाईचं उद्या बघू."

सरजाबाई खो खो हसली आणि मग तिचं हसू अर्ध्यातच थांबलं. "आन् वरचे साहेब?"

"ते चांगलं बोलतात. मोठा अधिकारी यायचा असला की रांगोळी मी काढायची, पुष्पगुच्छ मी द्यायचा. वळूंच्या प्रजननाचं मोठं प्रशिक्षण निघालं, तिकडं माझ्यामागून लागलेल्या पोराला पाठवलं. मी त्याच विषयात पुढचं शिकले, काकू. साहेबांना विचारलं तर म्हणाले, 'बाईमाणसाची राहायची अडचण होते, तुमच्याच काळजीपोटी.' काळजीपोटी म्हटलं की भांडताबी येत न्हाई."

सरजाबाई तिच्या शेजारी खाली कडब्यावर बसली. शिकली, नोकरीला लागली, म्हणजे सुटली, असं तिला या पोरीबद्दल वाटत आलं होतं. आपल्याच घरातलं बोलणं तिला आठवलं. गोठ्यात काही झालं की वैजनाथ उदगीरच्या खाजगी डॉक्टरला फोन लावायचा. घरात डॉक्टर असताना कधी तिला विचारलं नव्हतं. 'लेकीच्या हातून कशाला घाण काढायची,' म्हणायचा. तीही काळजीच होती.

"आन् वळूचं काय बघत्यात गं रिंगणात? मला सांग तरी."

"कपाळ बघतात. देवणीचं कपाळ पुढं आलेलं पाहिजे, कान खाली पडलेले. वशिंड, गळ्याखाली लोंबणारी पोळी, पाठीची रेघ. चालवून बघतात. खूर. आन् मग मागून अंड. दोन्ही सारखी हायत का, मऊ-घट्ट किती. वळू दिसायला राजा असला आन् तिथं उणा असला, तर गावच्या गाई रिकाम्या राहतात."

"मग आमच्या मल्हारीचं बघ की."

हे वाक्य सरजाबाईच्या मागून आलं. पंढरी दारात उभा होता. "लई परीक्षक हायस ना? बघ. मग सांग पहिला येतो का न्हाई." त्याच्यामागं वैजनाथ होता, आणि भुजंग, आणि महेबूबभाई. कुणी थांब म्हटलं नाही. चौघांनाही ते बघायचं होतं, हे सरजाबाईला त्यांच्या तोंडांवर दिसलं.

मल्हारी बाहेर लिंबाखाली बांधलेला होता. अंगानं चुनखडीसारखा पांढरा, तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळा. दीपमालानं आधी त्याला आपला हात हुंगू दिला. कपाळ बघितलं, पाठीवरून हात नेला, पंढरीला त्याला चालवायला लावलं. "पाठ लई सुंदर हाय," ती म्हणाली आणि पंढरीची छाती फुगली. मग ती मागं गेली, खाली वाकली, आणि दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा चाचपून बघितल्या.

"याला कधी मार लागलाय का इथं?"

वैजनाथ पुढं आला. "कामून?"

"डावं बारीक झालंय. दगडागत कडक लागायलंय. उजवंबी जितकं पाहिजे तितकं न्हाई."

"मागच्या पावसाळ्याच्या आधी पाटलाच्या वळूनं शिंग मारलतं," पंढरी हळू म्हणाला. "सूज आलती. उतरली की."

"सूज उतरली. आत बिघाड राहिला. काका, त्यानंतर याच्यावर नेलेल्या गाई गाभण राहिल्या का?"

उत्तर सरजाबाईला ठाऊक होतं. गाई उलटत होत्या, गाभण न राहता परत माजावर येत होत्या. शेजारच्या वस्तीवरच्या उलटल्या, खालच्या आळीतल्या उलटल्या, आणि घरची चांदी तर पुन्हा पुन्हा उलटली. वैजनाथ म्हणाला होता, गाईतच दोष हाय. उदगीरच्या डॉक्टरनं गाईला सुया टोचल्या. वळूकडं कुणी वाकून बघितलं नाही. शेवटी चांदीला वांझ म्हणून बाजार दाखवला. ती गाय टेम्पोत चढताना मागं वळून सरजाबाईकडं बघत होती.

"चांदीला वांझ म्हणून इकलात तुमी," सरजाबाई म्हणाली.

"सरजे, आता हे बोलायची येळ न्हाई."

"मग कवा बोलू? तिच्यात काय न्हवतं. दोष ह्याच्यात व्हता आन् गेली ती." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. संसारात तिनं नवऱ्याला चारचौघांत असं कधी तोडलं नव्हतं. "एकदा पोरीला बघू दिला असता तर?"

महेबूबभाईंनी नजर जमिनीकडं वळवली. भुजंग दीपमालाकडं बघत होता, एखादी ओळखीची वस्तू पहिल्यांदाच उजेडात धरून बघावी तसा.

"म्हंजे हा आता कामाचा न्हाई?" पंढरीनं विचारलं. त्याचा सगळा तोरा गळून गेला होता.

"तपासणी करावी लागंल, वीर्य बघावं लागंल. उपचारानं किती सुधरंल, आत्ताच सांगत न्हाई. पण मी परीक्षक असते तर पहिला दिला नसता. दुसरा कुणी असता, तर त्यानंबी देऊ नये."

"आन् दिसलं नसतं त्याला तर?" भुजंगनं विचारलं.

"तर मल्हारी पहिला आला असता, बाबा. आन् फेट्याकडं बघून अजून पन्नास गावच्या गाई इथं आल्या असत्या."

वैजनाथनं मल्हारीच्या वशिंडावर हात ठेवला. मग महेबूबभाईंना म्हणाला, "कमिटीला सांगा, माझा वळू उतरणार न्हाई."

"दादा!" भुजंग म्हणाला.

"बाबा, नुस्तं एकदा..." पंढरी म्हणाला.

"सांगितलं न्हवं?"

"काय कारण सांगू?" महेबूबभाईंनी विचारलं.

"घरचा परीक्षक हाय म्हणून सांगा." एवढं म्हणून तो पाटाच्या कडेनं चालू लागला.

महेबूबभाईंनी त्याच्या पाठीकडं बघितलं. "म्हंजे आता दुसरं कारण ऱ्हायलं न्हाई," ते स्वतःशीच पुटपुटले. "नुस्तं बाईमाणूस एवढंच ऱ्हायलं. तेवढं कारण कमिटीला तोंडावर सांगता यायचं न्हाई." मग सरजाबाईकडं वळून म्हणाले, "वैनी, आता आंबील द्या."

वैजनाथनं वळू का काढून घेतला, याचा सरजाबाईनं पुढचे दिवस विचार केला. पोरीचा मार्ग मोकळा व्हावा म्हणून, का दोष उघडा पडू नये म्हणून? भाकरी करताना तिला पहिलं खरं वाटायचं, धार काढताना दुसरं. विचारायचा धीर झाला नाही असं नाही. विचारलं तर तो खोटं बोलेल आणि मग खरं कधीच कळणार नाही, अशी तिला भीती वाटली.

जत्रेच्या सकाळी मात्र ती नेसून तयार झाली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

"तू कुठं?" वैजनाथनं विचारलं.

"दोरापाशी."

भुजंग मुद्दाम नांदेडहून आला होता. दुकान उघडलंच नाही म्हणाला. पंढरी जीप चालवत होता. मल्हारीविना जत्रेला जायची त्याला सवय नव्हती. तो कुणाशी बोलला नाही.

सांगवडीच्या माळावर रिंगणाभोवती माणसं दाटली होती. सरजाबाई बायकांमध्ये न थांबता माणसांतून वाट काढत थेट दोराला जाऊन भिडली. दोर हातात धरला. दीपमाला आत होती, अंगावर पांढरा कोट, केस घट्ट बांधलेले. तिच्याबरोबर आणखी एक म्हातारे परीक्षक होते, ते खुर्चीवर बसून होते. वळूंची रांग लागली होती. वळूवाल्यांतले काहीजण तिला बघून आधीच दावं ओढून बाहेर निघाले होते. जाताना एकजण मोठ्यानं म्हणाला, "आता वळूला कुंकू लावायचं तेवढं ऱ्हायलं." माणसं हसली. हसण्यात सरजाबाईच्या अगदी शेजारचा माणूसही होता. तिनं त्याच्याकडं अशी नजर टाकली, की तो खोकत दुसरीकडं सरकला.

दीपमाला पहिल्या वळूपाशी गेली. मालक कर्नाटकाच्या हद्दीपलीकडच्या गावचा, मारोती नावाचा, पिळदार मिशांचा. त्यानं वळू मागं खेचला.

"हात लावू नका, म्याडम. माझा वळू बाईमाणसाला बुजतंय."

"बरं," दीपमाला म्हणाली. "मग लांबूनच बघते. चालवा."

त्यानं चालवला. वळू खरंच बिथरला होता. वेसण ओढली की मान झटकत होता, नाकातून फुरफुरत होता. म्हातारे परीक्षक खुर्चीवरून म्हणाले, "बाई, ऱ्हाऊ द्या. पुढचा घ्या."

"स्वभावाचेबी गुण असतात, सर. तसेच सोडता येत न्हाईत." ती मारोतीकडं वळली. "याला वैरण कोण घालतं?"

"घरचेच घालत्यात."

"कोण?"

मारोतीनं मिशीवर हात फिरवला. "आमची मंडळी."

"आल्यात का जत्रेला?"

"आल्यात... तिकडं असतील बायकांत. त्यांचं इथं काय काम?"

"बोलवा त्यांना. तुमच्या वळूचेच गुण चाललेत."

मारोतीनं म्हाताऱ्या परीक्षकांकडं बघितलं. बाहेर पडलेले दोघेतिघे वळूवालेही थांबून बघू लागले. शेवटी मारोतीनं बायकांच्या दिशेनं हाक दिली, "सिद्धम्मा!"

निळ्या लुगड्यातली एक सावळी बाई गर्दीच्या कडेला आली आणि दोरापाशी थबकली. दोर सरजाबाईच्या हातातच होता. सरजाबाईनं तो वर उचलून धरला. सिद्धम्मानं एकदा तिच्या तोंडाकडं बघितलं, मग वाकून आत गेली.

"बा," ती वळूला म्हणाली. "बा रे राजा." कानडीत 'ये' म्हणाली तेवढंच. वळूनं मान खाली टाकली आणि तिच्या पदरात तोंड घातलं.

आता कुणी हसलं नाही. दीपमालानं कपाळ बघितलं, पाठ बघितली, मग मागं जाऊन खाली वाकली. सिद्धम्मा वळूच्या गळ्याला खाजवत राहिली. बाहेर गेलेल्या वळूवाल्यांतला एकजण गुपचूप पुन्हा रांगेला लागला. दुसऱ्यानं घरच्या कुणाला तरी हाक मारली. थोड्या वेळानं दोराच्या आत चार-पाच बायका उभ्या होत्या आणि कमिटीवाले एकमेकांकडं बघत होते. नियमात असं करू नये म्हणून कुठं म्हटलेलं नव्हतं. कारण असं कुणी करेल, हेच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

सगळेच वळले नाहीत. दोन वळू गेले ते गेलेच. म्हातारे परीक्षक शेवटपर्यंत तिला 'बाई' म्हणत राहिले. पण निकाल सांगताना महेबूबभाईंनी ध्वनिक्षेपकावर "परीक्षक डॉक्टर दीपमाला" असं खणखणीत नाव घेतलं आणि भुजंगनं एकट्यानंच टाळी वाजवली. मग पाठोपाठ बाकीच्यांनीही वाजवली.

मारोतीचा वळू दुसरा आला. फेटा घेताना त्याला तिला काय म्हणावं कळेना. "म्याडम... साहेब..." असं अडखळत शेवटी त्यानं नुसताच हात जोडला. वळू सिद्धम्माच्या हातात होता.

परतताना दीपमालाही जीपमध्ये मागं होती. वैजनाथ पुढं पंढरीशेजारी बसला होता. दिवसभर तो दोराच्या बाहेर, गर्दीच्या मागं उभा होता, हे सरजाबाईनं बघितलं होतं. देवणी गावाकडचा फाटा गेल्यावर त्यानं मान न वळवता विचारलं,

"तो मिशावाल्याचा वळू... दुसरा का दिलास?"

भुजंग आणि सरजाबाईनं एकमेकांकडं बघितलं. हा प्रश्न तो आजवर इतर वळूवाल्यांना, कमिटीतल्या जाणत्यांना विचारायचा. त्याच आवाजात त्यानं तो पुतणीला विचारला होता.

"मागचे पाय, काका. गुडघे आत वळलेत. उभा असताना कळत न्हाई, चालताना मागून दिसतंय."

"मला न्हाई दिसलं."

"तुम्ही लांब होता."

वैजनाथ हुंकारला. "पण पोळी काय होती त्याची! पहिल्याला तशी न्हाई."

"पोळीनं गाई गाभण राहत न्हाईत, काका."

पंढरीनं गाडीचा वेग कमी केला. इंजिनाच्या आवाजात मागचं नीट ऐकू येत नसावं. काका-पुतणी वाद घालू लागले. कपाळावरून, खुरावरून, वयावरून. वैजनाथ अर्धं मानत होता, अर्धं मानत नव्हता, पण प्रत्येक वेळी पुन्हा विचारत होता.

सरजाबाई पुढं वाकली. "दीपा, ते पाय तसे कशानं व्हत्यात गं? जन्मापासून, का खाण्यानं?"

"अगं, ते रक्तातच..." वैजनाथनं सुरुवात केली.

"काका," दीपमाला म्हणाली, "काकूनं मला विचारलंय."

भुजंग खिडकीबाहेर बघत हसला.

"दोन्हीनं होतंय, काकू. कशानं झालं ते सांगायला त्याची आई बघावी लागंल. वळूचा बाप कोण, आज्या कोण, ते सगळे सांगतात. आईचं विचारलं तर मारोतीला सांगता आलं न्हाई."

"सिद्धम्माला येतंय सांगता," सरजाबाई म्हणाली. "आई अजून तिच्या गोठ्यात हाय. दोरापाशीच आमचं बोलणं झालं. ये म्हणलीय मला."

"कुठं?" पंढरीनं विचारलं. दिवसभरातला त्याचा हा पहिला शब्द होता.

"हद्दीपलीकडं. औरादच्या फुडं."

"मग जायचं कवा?" वैजनाथनं विचारलं.

सरजाबाईनं पदर सारखा केला आणि मागं टेकून बसली.

"मी आन् दीपा जाणार हाव," ती म्हणाली. "तुमाला यायचं असंल तर या."